काउंटी न्यायालय

काउंटी न्यायालय : इंग्लंड व वेल्समधील कनिष्ठ दिवाणी न्यायालय. सध्याची संस्था १८४६ च्या कायद्याने स्थापन झाली. मात्र याच नावाची सभा तिच्या सुमारे नऊशे वर्षे आधीपासून भरत होती. या दोहोंचे नाते कितपत मानावे, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत.

शायर म्हणजेच काउंटी; ही शायर सभा वर्षातून दोनदा भरवावी आणि तीत बिशप व एल्डरमन (शायरचा कारभार पाहणारा राजाचा सरदार) यांनी बसावे, असा उल्लेख एडगर राजाच्या (कार. ९५९–९७५) कायद्यात येतो. सभा त्याआधीही भरत असावी, पण तसा थेट पुरावा नाही. इतिहासकार विल्यम स्टब्ज याने तिचे मूळ जर्मानिक टोळ्यांतील स्वतंत्र लोकांच्या सभेत शोधले. नंतरच्या संशोधकांचा कल ती दहाव्या शतकातील राजसत्तेने बसवलेली प्रशासकीय घडी मानण्याकडे आहे. उपलब्ध कायद्यांशी हे मत अधिक जुळते. नॉर्मन विजयानंतरही सभा टिकली. नॉर्मन विजयापूर्वीच्या एडवर्ड राजाच्या काळी जेथे व जेव्हा भरत, तेथे व तेव्हाच ही न्यायालये भरवावीत, असे पहिल्या हेन्रीने ११०८ च्या सुमारास बजावले. मॅग्ना कार्टा या राजसनदेच्या १२१७ च्या आवृत्तीत महिन्यातून एकाहून अधिक बैठका घेण्यास मनाई करण्यात आली.

अध्यक्षस्थानी शेरीफ (काउंटीतील राजाचा अधिकारी) असे, निवाडा मात्र हजेरीस बांधलेले जमीनधारक देत. १२२६ मध्ये लिंकनच्या शेरीफने सकाळपासून सायंप्रार्थनेच्या वेळेपर्यंत दावे ऐकले. उजेड संपला तरी पुष्कळ दावे उरले, म्हणून त्याने सर्वांना दुसऱ्या दिवशी बोलावले. सरदार व कारभारी आले, पण आत जाईनात. काउंटीची सभा एकच दिवस भरते, असे त्यांचे म्हणणे. ग्लॉस्टरच्या कायद्याचा (१२७८) पुढे जो अर्थ लावला गेला, त्याने या न्यायालयातील दाव्यांच्या रकमेवर चाळीस शिलिंगांची मर्यादा पक्की झाली. पैशाचे मोल घसरत गेले, तसे न्यायालयही निस्तेज झाले.

१८४६ च्या कायद्याने न्यायाधीश नेमून वीस पौंडांपर्यंतचे दावे त्यांच्याकडे सोपवले. १८५० मध्ये ही मर्यादा पन्नास पौंड झाली. जुने न्यायालय अभिलेख-न्यायालय (ज्याचे दप्तर निर्णायक पुरावा मानले जाते असे न्यायालय) नव्हते, नवे होते. एवढ्या एका फरकावरूनही सातत्य बव्हंशी नावापुरते ठरते. याच सुमारास, १८५० च्या नवव्या अधिनियमाने, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे लघुवाद न्यायालये आली.

२२ एप्रिल २०१४ पासून स्वतंत्र काउंटी न्यायालये जाऊन एकच राष्ट्रीय न्यायालय झाले. गावोगावी उरली ती त्याची सुनावणी केंद्रे. दहा हजार पौंडांपर्यंतचे बहुतेक पैशाचे दावे लघुदाव्यांच्या मार्गाने चालतात. तेथील डिस्ट्रिक्ट जज हा सर्किट जजच्या खालचा असतो. आपल्याकडील जिल्हा न्यायाधीशाशी त्याची गल्लत करू नये.

अभिलेख : दिवाणी प्रक्रिया नियम ५.४सी नुसार त्रयस्थास वादपत्र व कैफियत यांच्या, तसेच जाहीर सुनावणीत दिलेल्या निर्णयांच्या व आदेशांच्या नकला शुल्क भरून मिळतात. वादपत्रासोबत जोडलेली कागदपत्रे यात येत नाहीत, आणि प्रतिवादीने दाव्याची पोच वा कैफियत दिल्याखेरीज साधारणतः वादपत्रही मिळत नाही. साक्षीदारांची निवेदने वगैरे अन्य कागदांसाठी न्यायालयाची परवानगी लागते. केप इंटरमीडिएट होल्डिंग्ज वि. ड्रिंग (२०१९) या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने खुल्या न्यायाच्या, म्हणजे न्यायदान लोकांसमक्ष व्हावे या, तत्त्वावर भर दिला. तथापि कागद कशासाठी हवे आणि त्याने ते तत्त्व कसे साधते, हे अर्जदारानेच पटवून द्यायचे असते.

पैशाच्या निवाड्यांची नोंदवही १८५२ पासून आहे. १९८५ पासून ती रजिस्ट्री ट्रस्ट ही ना-नफा संस्था सांभाळते आणि शुल्क भरून कोणालाही तीत शोध घेता येतो. नोंद सहा वर्षे राहते. महिन्याभरात रक्कम फेडल्यास ती काढून टाकली जाते. कर्ज देणाऱ्या संस्था पत तपासताना या नोंदवहीतील माहितीही विचारात घेतात.

मध्ययुगीन दप्तर फारच थोडे उरले आहे. चेशर ही काउंटी ठळक अपवाद. तेथील न्यायालयीन नोंदींच्या गुंडाळ्या लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.