नखाखालची काळी रेघ

कुंड्यांची माती बदलून झाली की शेजारच्या आक्का ओसरीवर टेकतात, अंबाड्यातली पिन काढतात आणि एकेका नखाखालचा मळ कोरू लागतात. "काळं दिसलं की घास उतरत नाही बघ," असं त्यांचं म्हणणं. परवा त्यांचा हात हातात घेऊन नीट पाहिला. उजव्या तर्जनीच्या नखाची पांढरी कड टोकाशी राहिलेली नाही, पार नखाच्या मध्यापर्यंत मागे आली आहे. म्हणजे तेवढं नख बोटापासून सुटलं आहे. मातीनं ते सुटलं नाही. वर्षानुवर्षं फिरणाऱ्या पिनेनं सोडवलं.

नख बोटाला सोडून पुढं येतं तिथं, त्याच्या खालच्या अंगाला, कातडीचा एक जाडसर बांध असतो. शेताला बांध असतो तसाच. पाणी, माती, जंतू नखाखालच्या मऊ भागात शिरू नयेत म्हणून. दुसरा बांध नखाच्या मुळाशी असतो, तो पातळ पांढरट पापुद्रा. पार्लरमध्ये तो मागं ढकलतात, कापूनही टाकतात. माझं मत विचाराल तर बागेत हात घालणाऱ्यानं या पापुद्र्याला कुणालाच हात लावू देऊ नये. हे दोन्ही बांध शाबूत असले तर नखाखालची माती नुसती वाईट दिसते. बांध फुटला की तीच माती आत जाते, आणि मग नखुर्डं होतं.

आपल्या सोलापूरच्या मातीबद्दल इथं बोलायलाच हवं, कारण ती साधी माती नाही. दख्खनच्या काळ्या दगडाची झीज होऊन तयार झालेली ही काळी माती मॉन्टमोरिलोनाइट जातीच्या खनिजानं भरलेली असते. त्याचे कण २ मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही, बारीक असतात. बोटाच्या ठशांच्या रेषांत ते सहज बसतात आणि घासूनही निघत नाहीत. प्रत्येक कण म्हणजे पत्र्यांची चळत. पत्र्यांच्या मधल्या फटींत पाणी शिरलं की माती फुगते, उडालं की आक्रसते. मे महिन्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळंच. शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅममधले सगळे पत्रे उलगडून पसरले, तर जवळपास ७०० चौरस मीटर, म्हणजे साडेसात हजार चौरस फूट जागा व्यापतील. चिमूटभर मातीत एवढी जागा, आणि ती सगळी पाणी आणि तेल धरून ठेवायला तयार. तेलकट चेहऱ्यावर मुलतानी माती लावतात ती याच गुणासाठी. बागकाम करताना आपण दोन-दोन तास हाताला तोच लेप लावून बसतो.

आणि हाताला ते परवडत नाही. कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. पेशी विटांसारख्या रचलेल्या, मधला चुना स्निग्ध पदार्थांचा. तळहातावर तेलग्रंथी नसतातच. कपाळावरचं तेल पुसलं तर तासाभरात पुन्हा येतं, तळहाताचं गेलं की वरून पुरवठा होत नाही. मातीनं ओढलं, साबणानं उरलंसुरलं काढलं, वर मार्च-एप्रिलचा कोरडा वारा. मग अंगठ्याच्या कडेला, बोटाच्या पेरावर भेग पडते आणि मीठ-लिंबू लागलं की जीव कळवळतो. नखाचं थोडं वेगळं आहे. नखातून पाणी कातडीपेक्षा कितीतरी सहज आत-बाहेर जातं. भिजलं की नख फुगतं, वाळलं की आक्रसतं. दिवसातून दहादा असं झालं की त्याचे पापुद्रे सुटतात. रानातली ढेकळं आणि आपली नखं एकाच कारणानं भेगाळतात.

मग करायचं काय? मातीला हात लावण्याआधी साबणाची वडी घ्यावी, थोडी ओली करावी आणि दहाही नखं तिच्यावरून ओरबाडल्यासारखी ओढावीत. नखाखालची पोकळी साबणानं भरून जाते, मातीला तिथं जागाच उरत नाही. काम झाल्यावर पाणी लावलं की साबण विरघळून बाहेर येतो, सोबत वरवरची मातीही. पिन लागत नाही. मग पेरांना आणि नखांच्या कडांना थेंबभर तेल चोळावं. खोबरेल चालेल, करडईचंही चालेल. करडई आपल्या भागातलं जुनं रब्बी पीक, घरात ते तेल बहुतेक असतंच. हे दोन मिनिटांचं काम मी आता खुरप्याच्याही आधी करते.

हातमोजे घालायचे तर कोरड्या कामाला सुती, ओल्या कामाला रबरी. पण आपल्याकडच्या उन्हात रबरी मोज्यात हात घामानं शिजतो आणि ओलसर उबदार जागा बुरशीला फार आवडते. अर्ध्या तासानं काढावेत, हात पुसावेत, मोजे उलटे करून वाळवावेत.

धुण्याच्या बाबतीत आमच्या घरची अडचण सांगते. नळाचं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला, बागेला बोअरचं. ते इतकं जड की साबणाला फेस येत नाही. खडकातून झिरपताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरतं. साबणाशी त्यांची गाठ पडली की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीला पांढरा थर बसतो तोच. हात धुतल्यावर तो कातडीवरही राहतो. माणूस मग समजतो हात अजून स्वच्छ झाले नाहीत, आणि आणखी साबण लावतो. साबण अल्कधर्मी आणि कातडी किंचित आम्लधर्मी, त्यामुळे प्रत्येक धुण्यागणिक नुकसान वाढत जातं. यावर उपाय सोपा आहे. माती आधी नुसत्या पाण्यात हात बुडवून सुटू द्यावी, मग एकदाच साबण, मऊ ब्रशनं नखांच्या टोकावरून, आणि शेवटचा तांब्या साध्या नळाच्या किंवा पावसाच्या पाण्याचा. हात पुसून थोडे ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलिन. ओल आत कोंडली जाते. कोरड्या हातावर लावलं तर निम्मा फायदा जातो.

डाळिंब सोलून किंवा कच्ची फळं हाताळून बोटं काळी पडली असतील, तर तो मळ नसतो. सालीतल्या टॅनिनची विळीच्या नाहीतर खुरप्याच्या लोखंडाशी क्रिया होऊन काळा रंग बनतो. जुन्या काळी शाई याच रसायनानं करत. साबण त्यापुढं हतबल. लिंबू चोळलं तर जातो, कारण लिंबातलं आम्ल लोखंडाला ओढून घेतं. पण लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, हे मी अगदी हात जोडून सांगते. लिंबाच्या रसात आणि सालीत फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. त्यांच्यावर ऊन पडलं की कातडी भाजते. लगेच काही कळत नाही. एक-दोन दिवसांनी लाली येते, फोड येतात आणि नंतर काळे डाग महिनोन् महिने जात नाहीत. आपल्या उन्हात तर विचारूच नका. लिंबू लावायचं तर दिवेलागणीनंतर, आणि लगेच स्वच्छ धुवून टाकायचं.

गाजर गवत तर नुसत्या हातानं कधीच उपटू नये. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे तण आता प्रत्येक बांधावर आहे. त्यातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य कातडीला एकदा बाधलं की शरीर ते विसरत नाही. पुढं नुसत्या वाऱ्यानं त्याचा भुगा उडाला तरी मान, पापण्या, कोपराच्या घड्या खाजून लाल होतात. कुणाकुणाला मग शेवंतीही सहन होत नाही, कारण दोघी एकाच कुळातल्या. रुईचा चीक लागलेला हात डोळ्याला लावू नये, हेही यातच आलं.

आता काट्याचं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे, जन्म १९१० चा. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातले ते एक. तिथल्या ज्या रुग्णालयाचे ते पुढं प्रमुख झाले, त्याला नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या शल्यविशारदाचं नाव दिलेलं होतं. बेथ्यून १९३९ च्या नोव्हेंबरात गेले. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, जखमेतून जंतू रक्तात गेले, संपलं. तेव्हा पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोचलेलं नव्हतं. आज औषधं आहेत, पण बोटाला झालेली छोटी जखम किती आत पोचू शकते हे मला कोटणीसांचं नाव ऐकलं की दर वेळी आठवतं.

गुलाबाचा, बोगनवेलीचा, डाळिंबाचा काटा अरुंद आणि खोल जातो. रक्त फारसं येत नाही, म्हणून आपण निर्धास्त. खरं तर धनुर्वाताच्या जंतूला हेच हवं असतं. त्याची बीजं मातीत, विशेषतः शेणखतात, वर्षानुवर्षं टिकतात आणि हवा न पोचणाऱ्या जखमेतच जागी होतात. गंजक्या खिळ्यानं धनुर्वात होतो म्हणतात, पण गंजाचा यात दोष नाही, खिळ्यावरच्या मातीचा आहे. जखमेवर न धुतलेला दगडी पाला चुरगाळून लावणं म्हणजे त्याच मातीला आत बोलावणं. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवावं, स्वच्छ चिमट्यानं काटा काढावा, पिळू नये. धनुर्वाताचं इंजेक्शन दर दहा वर्षांनी घ्यायचं असतं. जखम मातीनं भरलेली असेल आणि शेवटचं घेऊन पाच वर्षं उलटली असतील, तर पुन्हा घ्यावं. मधुमेह असलेल्यांनी बारीक काट्यालाही मोठी जखम मानावं. काटा लागल्यावर काही आठवड्यांनी बोटापासून दंडाच्या दिशेनं गाठींची रांग उठली तर डॉक्टरांना बागकाम करतो असं आवर्जून सांगावं. स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी असं करते. आपल्या भागात ती विरळ, त्यामुळं कुणाच्या चटकन लक्षात येत नाही.

माझ्या अंगठ्याला डाळिंबाचा काटा लागला तो आषाढात. छाटणी करताना, नखाच्या मुळाशी, त्या पांढऱ्या पापुद्र्याजवळ. धुतलं, विसरले. तिसऱ्या दिवशी कडेला लाल फुगवटा, चौथ्या दिवशी रात्रभर ठणका. डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला, गोळ्या दिल्या, आठवड्यात बरं वाटलं. पण महिनाभरानं नखाच्या मुळाशी एक आडवी खाच दिसायला लागली. नख मुळाशी तयार होतं. तिथं दुखापत झाली की तेवढे दिवस त्याचं काम मंदावतं आणि खाच पडते. हाताचं नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढतं, त्या हिशोबानं खाचही पुढं सरकत राहिली. गौरी-गणपतीत ती पापुद्र्याच्या जवळच होती, दिवाळीत अर्ध्यावर आली. संक्रांतीला होम मैदानावर सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरला तेव्हा ती टोकाशी पोचली होती. नंदीध्वजांचं दर्शन घेऊन घरी आले आणि नेलकटरनं ती कापून टाकली. आक्का शेजारी बसल्या होत्या. त्यांची पिन मी मागून घेतली आणि साबणाची वडी त्यांच्या हातात दिली.