ॲसिडिटीच्या ऑपरेशनची पार्श्वभूमी: इस्तंबूलपासून रोबोपर्यंत

हल्ली आपल्या गोव्यात कुणाला छातीत जळजळण्याचा जुना त्रास असला आणि गोळ्यांनी म्हणावं तसं बरं वाटेना, की घरात कुणीतरी म्हणतंच, आता रोबोने ऑपरेशन करतात म्हणे, विचारून बघूया. आणि मग सगळं बोलणं रोबोवरच जातं, खर्च किती, इथे होतं की मुंबईला जायला लागेल वगैरे. पण या सगळ्या गोष्टीत रोबो अगदी शेवटी आलाय, मूळ ऑपरेशन त्याच्या कितीतरी आधीचं आहे आणि ते कळल्याशिवाय रोबोने नेमकं काय बदललं तेही कळत नाही.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे एक गोल स्नायू असतो, तो आणि छाती-पोटामधला पडदा मिळून जठरातलं ॲसिड खाली ठेवतात. स्नायू सैल झाला किंवा पडद्यातलं भोक रुंद होऊन जठराचा थोडा भाग छातीत सरकला (याला हायटस हर्निया म्हणतात) की ॲसिड वर येतं, त्यालाच रिफ्लक्स म्हणतात. माझ्या मामांना हा त्रास होता, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली चिऱ्याचे तुकडे घातलेले, रात्रीचं हुमण (माशाची आमटी) बंद आणि नुसती पेज, उशाशी डायजिनची गुलाबी बाटली, तरी पहाटे आंबट पाणी घशात येऊन ठसका लागायचाच. असं वर्षानुवर्षं चालतं आणि लोक त्याला नुसती ॲसिडिटी म्हणून सोडून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता ऑपरेशनकडे येऊ. रुडॉल्फ निसेन हा जर्मन ज्यू सर्जन, हिटलर आल्यावर 1933 मध्ये देश सोडून इस्तंबूलला गेला. तिथे 1936 च्या सुमारास एका तरुणाच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला अल्सर होता, तो भाग काढून निसेनने अन्ननलिका परत जठराला जोडली आणि जोड गळू नये म्हणून जठराच्याच घड्या त्याच्याभोवती शिवून टाकल्या. हेतू फक्त जोड सांभाळायचा होता. पण बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं की त्या माणसाला जळजळ होतच नाही! मधल्या काळात निसेन अमेरिकेत होता, तिथे 1948 मध्ये त्याने आइन्स्टाईनच्या पोटातल्या फुगलेल्या महाधमनीभोवती सेलोफेन गुंडाळलं होतं, म्हणजे गुंडाळण्यात या माणसाचा हात आधीपासूनच होता. शेवटी स्वित्झर्लंडमध्ये बाझलला असताना 1955 मध्ये त्याने मुद्दाम रिफ्लक्ससाठी ते ऑपरेशन केलं आणि 1956 मध्ये छापलं. जठराचा वरचा भाग, म्हणजे फंडस, अन्ननलिकेच्या मागून फिरवून पुढे आणायचा आणि गळ्याभोवती पंचा गुंडाळावा तसा शिवायचा, पूर्ण 360 अंश. फंडोप्लिकेशन म्हणतात ते हेच.

त्याआधी 1951 मध्ये इंग्लंडच्या फिलिप ॲलिसनने हर्निया आणि रिफ्लक्स यांचा संबंध नीट मांडला होता, पण त्याच्या दुरुस्तीनंतर बऱ्याच जणांना त्रास परत व्हायचा. निसेनचा वेढा टिकायचा, फक्त कधीकधी जास्तच टिकायचा, म्हणजे गिळायला अडकायचं, ढेकर येईना, पोट फुगून राहायचं. म्हणून मग अर्धवट वेढे आले, 1962 मध्ये डोरचा पुढून आणि 1963 मध्ये तुपेचा मागून, दोघेही फ्रेंच. पुढे अमेरिकेत डिमीस्टर या सर्जनने निसेनचाच वेढा आखूड आणि सैल केला.

मग गोळ्या आल्या. 1976 मध्ये सिमेटिडीन आणि 1988 मध्ये ओमेप्राझोल, जी आपल्याकडे ओमेझ म्हणून घरोघरी गेली, आणि पोट फाडून घ्यायला कोण कशाला तयार होईल? ऑपरेशन मागे पडलं. ते परत आणलं दुर्बिणीने, म्हणजे पोट न फाडता छोट्या भोकांतून करायच्या ऑपरेशनने. मुंबईच्या जेजेत तेहेम्टन उदवाडियांनी 1990 मध्ये भारतातलं पहिलं दुर्बिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं, आणि 1991 मध्ये बेल्जियमच्या लिएजमध्ये बर्नार्ड दालमान्यने निसेनचा वेढा दुर्बिणीने घालून दाखवला.

रोबोचं मूळ तर दवाखान्यात नाहीच. जखमी सैनिकावर सर्जनने लांब बसून ऑपरेशन करावं, या कल्पनेवर अमेरिकन लष्कराच्या पैशातून कॅलिफोर्नियातल्या एसआरआय संस्थेत काम झालं, त्यातून 1995 मध्ये इंट्युटिव्ह कंपनी आणि तिचा दा विंची हा रोबो निघाला. ब्रसेल्समध्ये काडिएर या सर्जनने 1997 मध्ये रोबोने पित्ताशय काढलं आणि 1999 मध्ये रोबोने घातलेल्या निसेनच्या वेढ्याबद्दल लिहिलं. दा विंचीला अमेरिकेची परवानगी 2000 मध्ये मिळाली. एक महत्त्वाचं, रोबो स्वतः काही करत नाही, सर्जन बाजूच्या कन्सोलवर बसून त्याचे हात चालवतो. फरक पडतो तो अन्ननलिकेच्या मागे, जिथे जागा चिंचोळी असते आणि पडद्याच्या कडा शिवायच्या असतात. दुर्बिणीची हत्यारं सरळ, रोबोची मनगटासारखी वळतात, चित्र थ्रीडी दिसतं आणि हाताचा कंप गाळला जातो.

आपल्याकडचं म्हणाल तर वर्सियस हा ब्रिटिश रोबो माणसांवर पहिल्यांदा चालवला तो 2019 मध्ये पुण्यातच, दीनानाथ मंगेशकर हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आपल्या मंगेशीच्या दीनानाथांचं नाव असलेल्या जागी, हे वाचून मला फार बरं वाटलं. मंत्रा हा भारतीय बनावटीचा रोबोही आता आलाय.

पण निकाल? 2006-07 मध्ये इटली, नेदरलँड्स आणि जर्मनीत रोबो आणि साधी दुर्बीण यांची समोरासमोर तुलना झाली, पेशंटला नंतर किती बरं वाटतं त्यात ठळक फरक दिसला नाही, रोबोचा खर्च मात्र जास्त. आणि गोळ्यांशी तुलना करायची तर 2011 चा युरोपातला लोटस अभ्यास आहे, त्यात गोळ्यांनी आधीच आराम पडणारे पेशंट घेतले होते आणि पाच वर्षांनी गोळीवाले 92 टक्के, ऑपरेशनवाले 85 टक्के बरे होते. ऑपरेशन वाईट असा याचा अर्थ नाही, गोळी सोसत नाही, आंबट पाणी वर येतच राहतं किंवा हर्निया मोठा आहे अशांना ते मोठाच आराम देतं. पण सर्जनकडे गेलात तर रोबोआधी हे विचारा: 24 तासांची पीएच टेस्ट (ॲसिड किती वर येतं ते मोजणारी) आणि मॅनोमेट्री (अन्ननलिकेचा जोर मोजणारी) करणार का, माझ्या अन्ननलिकेचा जोर बघून पूर्ण वेढा घालणार की अर्धा, आणि तुम्ही असे वेढे वर्षाला किती घालता.