खर्च मोजला, मिळकत राहून गेली : भारतातल्या विषमतेच्या आकड्यांची पार्श्वभूमी

जुलै २०२५ मध्ये एक सरकारी पत्रक निघाले. गिनी निर्देशांक (विषमतेचे माप : शून्य म्हणजे सगळे समान, १०० म्हणजे सगळे एकाच्याच हाती) २५.५, म्हणजे समानतेत भारत जगात चौथा. त्याआधी मार्च २०२४ मध्ये परदेशातल्या एका अभ्यासगटाने सांगितले होते की देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा वरच्या एक टक्क्याकडे जातो. दोन्ही आकडे २०२२-२३ चेच. पहिला खर्चाचा, दुसरा मिळकतीचा. पत्रकातल्या क्रमवारीत मात्र आपला खर्चाचा गिनी अनेक देशांच्या मिळकतीच्या गिनीशेजारी बसवला होता.

मिळकतीची लांब मालिका १९२२ पासून मिळते, तीही प्राप्तिकराच्या विवरणपत्रांमुळे. तेव्हा कर भरणारे मूठभर होते आणि शेतीचे उत्पन्न केंद्रीय प्राप्तिकरातून वगळलेले होते, आजही आहे. या मालिकेत वरच्या एक टक्क्याचा वाटा १९२२ मध्ये १३ टक्क्यांच्या आसपास दिसतो, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर २० टक्क्यांच्या पुढे जातो आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ६ टक्क्यांवर येतो. १९७३-७४ मध्ये अधिभार धरून कराचा सर्वोच्च दर ९७.७५ टक्के होता, त्यामुळे या घसरणीतली किती खरी आणि किती विवरणपत्रांतून गायब झालेली, हा वाद आहेच. त्यानंतरची चढण मात्र १९९१ च्या उदारीकरणाआधीच सुरू झाली होती.

खर्च मोजायचा निर्णय १९५० च्या देशव्यापी नमुना पाहणीपासूनचा. तो गैर नव्हता. शेतकऱ्याची मिळकत हंगामी, घरचे धान्य घरीच खाल्लेले, मजुरी कधी धान्यात. महिन्याला किती मिळते, याचे उत्तर त्याच्यापाशीच नसे. उत्पन्न विचारून पाहण्याचे प्रयोग साठच्या दशकात आणि १९८३-८४ मध्येही झाले. लोक सांगत ती मिळकत खर्चापेक्षाही कमी भरे. मग तो नाद सोडला गेला. पुण्यातल्या दोन अर्थतज्ज्ञांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा जो गाजलेला हिशेब मांडला, तोही १९६०-६१ च्या खर्चावरच. त्यातली दारिद्र्यरेषा ग्रामीण भागात माणशी महिना १५ रुपये खर्चाची, शहरात साडेबावीस. दारिद्र्य मोजायला एवढे पुरेसे होते.

विषमता मोजायला ते पुरत नाही. गरीब माणूस मिळेल ते खर्च करतो, प्रसंगी उसनवारी करून जास्तच. श्रीमंताची मिळकत शेअर, जमीन आणि ठेवींत जाते, ती पाहणीच्या तक्त्यात उतरतच नाही. शिवाय टॉवरच्या वॉचमनला ओलांडून पाहणीवाला वर किती वेळा पोचतो, हेही विचारायला हवे. २०२२-२३ च्या पाहणीत शहरांतल्या सर्वांत वरच्या पाच टक्क्यांचा माणशी मासिक खर्च २०,८२४ रुपये निघाला. मुंबई-पुण्यात भाडे भरणाऱ्यांना हा आकडा पाहून हसू येईल.

त्यात मधली वर्षे आंधळी आहेत. प्राप्तिकराची सविस्तर आकडेवारी २००० च्या सुमारास छापणे बंद झाले, ते २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाले. म्हणजे शेअर बाजार आणि जमिनीचे भाव सर्वाधिक उसळले त्या काळाची पाने गहाळ. २०१७-१८ ची खर्च पाहणी नोव्हेंबर २०१९ मध्ये गुणवत्तेचे कारण देऊन बाजूला ठेवली गेली. पुढची २०२२-२३ ची. तीत एकाच घरी तीन भेटी झाल्या आणि प्रश्नावलीही बदलली. त्यामुळे २०११-१२ मधला २८.८ गिनी २५.५ वर आला, त्यात विषमता किती घटली आणि पद्धत किती बदलली, हे वेगळे काढणे अवघड. पत्रकात हा खुलासा नव्हता. जागतिक बँकेच्या ज्या अहवालातून तो गिनी घेतला, त्यात आकडेवारीच्या मर्यादेमुळे विषमता कमी दिसत असण्याची शक्यता मान्य केली होती.

परदेशी गटाचे आकडेही निर्मळ नाहीत. वरच्या थरासाठी कराची आकडेवारी आणि खालच्यांसाठी खर्चावरून गृहीतके धरून काढलेले उत्पन्न, अशी ती जोडणी आहे.

घरोघरच्या मिळकतीची स्वतंत्र देशव्यापी पाहणी २०२५ मध्ये जाहीर झाली, २०२६ साठी. पूर्वचाचणीत बहुतेकांना हे प्रश्न नाजूक वाटले, कर किती भरला हे सांगायला अनेकांनी नकार दिला. आणि उत्तरे मिळाली तरी ती शेजारी ठेवून पाहायला मिळकतीची आधीची सरकारी मालिका नाही.