पेशीचक्रातील डीएनए-मात्रा

पेशी एका विभाजनाकडून पुढच्या विभाजनाकडे जाताना तिच्या केंद्रकातील डीएनएची मात्रा एकदा दुप्पट होते आणि विभाजनाअंती पुन्हा मूळपदावर येते. ही मात्रा पिकोग्रॅममध्ये (ग्रॅमचा एक लक्ष-कोटीवा भाग) किंवा ‘सी’ या सापेक्ष एककात सांगतात. अर्धसूत्री विभाजनातून तयार झालेल्या जननपेशीतील मात्रा म्हणजे १ सी. माणसात ती ३ ते ३.५ पिकोग्रॅमच्या दरम्यान, तर कांद्यात सुमारे १७ पिकोग्रॅम भरते.

जी-१ अवस्थेत (विभाजनानंतरचा, डीएनए दुप्पट होण्याआधीचा काळ) कायिक, म्हणजे जननपेशी सोडून शरीराच्या इतर, पेशीत २ सी डीएनए असतो. एस अवस्थेत (डीएनए संश्लेषणाचा काळ) तो वाढत वाढत ४ सी होतो, जी-२ मध्ये (विभाजनाआधीचा काळ) तेवढाच राहतो आणि समविभाजनानंतर दोन्ही कन्यापेशींना २ सी मिळतो. अर्धसूत्री विभाजनात मात्र एकदाच दुप्पट झालेला डीएनए लागोपाठ दोनदा विभागला जातो: ४ सी, मग २ सी, शेवटी १ सी.

सी आणि एन यांची गल्लत फार होते. एन ही गुणसूत्रांच्या संचांची संख्या आहे, डीएनएचे वजन नव्हे. कांद्याच्या मुळाच्या टोकाची काचपट्टी पाहिली तर मध्यावस्थेतील (विभाजनात गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर येतात ती अवस्था) पेशीत १६ गुणसूत्रे मोजता येतात. जी-१ मध्येही ती १६च असतात. फरक इतकाच, की मध्यावस्थेतील प्रत्येक गुणसूत्र दोन क्रोमॅटिडांचे (एकमेकांना जोडलेल्या दोन सारख्या प्रतींचे) असते. म्हणून जी-२ मधील पेशी ‘२ एन, ४ सी’ अशी लिहावी. तिला ‘४ एन’ म्हणणे चूक आहे.

‘सी’ हे अक्षर पेशीशास्त्रज्ञ ह्यूसन स्विफ्ट यांनी वनस्पतींच्या केंद्रकांवरील १९५० च्या लेखात वापरले, पण तेथे त्याची फोड केली नाही. त्यामुळे पुढे कोणी त्याचा अर्थ ‘आशय’ (कंटेंट), तर कोणी ‘वैशिष्ट्यपूर्ण’ (कॅरॅक्टरिस्टिक) असा लावला. स्वतः स्विफ्ट यांनी वनस्पतींच्या डीएनए-मात्रेचे अभ्यासक मायकेल बेनेट यांना पत्रातून कळवले, की आपल्याला ‘स्थिरांक’ (कॉन्स्टंट) अभिप्रेत होता. हाच अर्थ ग्राह्य धरणे योग्य. कारण त्याआधी, १९४८ मध्ये, बुआव्हँ व व्हँद्रेली दांपत्याने गुरांच्या निरनिराळ्या ऊतींतील केंद्रकांत डीएनएची मात्रा जवळजवळ सारखी आणि शुक्रपेशीत निम्मी असल्याचे दाखवले होते. स्थिरतेची ही कल्पनाच त्या अक्षरामागे उभी आहे.

अवस्थांची नावे अल्मा हॉवर्ड व स्टीफन पेल्क यांची. या कामाचे साल कोठे १९५१, तर कोठे १९५३ दिले जाते. पहिला अहवाल १९५१ चा असला तरी जी-१, एस, जी-२ ही नावे १९५३ च्या लेखातील आहेत. विसिया फाबा (बाकला) या द्विदल वनस्पतीची मुळे किरणोत्सारी फॉस्फरसच्या द्रावणात वाढवून त्यांनी पाहिले, की फॉस्फरस विभाजनाच्या आधीच्या एका मर्यादित काळातच डीएनएत शिरतो. सुमारे ३० तासांच्या चक्रात त्याला जेमतेम ६ तास लागत होते.

मोजणीसाठी पूर्वी फॉयल्गेन अभिरंजन वापरीत (१९२४ पासून ज्ञात). सौम्य आम्लाने डीएनएमधील प्युरिन निघून आल्डिहाइड गट उघडे पडतात, त्यांना शिफ अभिकारकाने किरमिजी रंग येतो आणि त्याची गडदता प्रकाशमापकाने मोजतात. आज प्रवाह-पेशीमापन रूढ आहे; त्यात रंगवलेल्या पेशी एकेक करून प्रकाशझोतातून जातात आणि प्रत्येकीची चमक मोजली जाते. त्यासाठीचा रंग, प्रोपिडियम आयोडाइड, आरएनएलाही चिकटतो, म्हणून आधी आरएनएज विकर घालावे लागते. आलेखावर २ सी आणि ४ सी अशी दोन शिखरे उठतात; त्यांच्यामधला पसरट भाग एस अवस्थेचा. एकमेकींना चिकटलेल्या जी-१ च्या दोन पेशी ४ सी सारख्याच दिसतात, त्या वेगळ्या काढल्या नाहीत तर निष्कर्ष फसतो. जी-२ आणि एम (प्रत्यक्ष विभाजन) या अवस्थाही केवळ या रंगाने वेगळ्या ओळखता येत नाहीत.

एका चक्रात दुप्पट होणे एकदाच का घडते, याचा महत्त्वाचा पुरावा पोटू राव व रॉबर्ट जॉन्सन यांनी १९७० मध्ये दिला. एस अवस्थेतील हेला पेशीशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोग-पेशी) एकजीव केलेल्या जी-१ पेशीच्या केंद्रकात डीएनए संश्लेषण लवकर सुरू झाले, जी-२ च्या केंद्रकात झाले नाही.

काही पेशींत विभाजनाविनाच डीएनए पुनःपुन्हा दुप्पट होतो. यकृतात ४ सी व ८ सी केंद्रके आढळतात. फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथीत मात्रा १,००० सीच्या पुढे जाते.