लिबव्हर्टडी ‘बंद’ का दिसते: पार्श्वभूमी

एका यंत्रात सॉफ्टवेअरने उभी केलेली अनेक आभासी यंत्रं (व्हीएम) चालवणं 1960च्या दशकातल्या मेनफ्रेमपासून सुरू आहे. विदर्भात तालुक्याच्या तंत्रनिकेतनात किंवा डीटीपीच्या दुकानात आज जे वापरात आहे ते बरंच अलीकडचं. 2005-06मध्ये प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय आली आणि फेब्रुवारी 2007मध्ये लिनक्सच्या 2.6.20 आवृत्तीत ती सोय वापरून व्हीएम चालवणारं केव्हीएम दाखल झालं. व्हीएम सांभाळणारं लिबव्हर्ट त्याच्या थोडं आधीचं, 2005चं. दारव्हा-मेहकरकडच्या डीटीपीवाल्याला याची गरज पडते ती युनिकोडपूर्व फाँटमधल्या जुन्या फायलींसाठी. त्या उघडायला जुनं विंडोज लागतं आणि ते नव्या यंत्रावर टिकवायचं तर व्हीएमच बरी.

‘लिबव्हर्टडी बंद दिसते’ अशा आजच्या बहुतेक तक्रारींचं मूळ लिबव्हर्टच्या 2019च्या एका निर्णयात आहे. तोवर लिबव्हर्टडी ही लिबव्हर्टची पार्श्वभूमीत चालणारी एकच सेवा सगळं पाहायची: व्हीएम, नेटवर्क, साठवण. मग तिचे तुकडे झाले. व्हीएमसाठी व्हर्टक्यूईएमयूडी, नेटवर्कसाठी व्हर्टनेटवर्कडी, साठवणीसाठी व्हर्टस्टोरेजडी. फेडोरा या लिनक्सच्या प्रकाराने 2021मध्ये, 35व्या आवृत्तीत, हीच पद्धत मूळ ठरवली. उबंटू या दुसऱ्या प्रकारावर एकसंध सेवा त्यानंतरही चालू राहिली. म्हणजे एकाच प्रयोगशाळेतल्या शेजारच्या दोन यंत्रांवर तपासणीची रीत वेगळी!

तांत्रिकदृष्ट्या निर्णय योग्यच होता. एक तुकडा कोसळला तरी बाकीचे उभे राहतात आणि प्रत्येकाला गरजेपुरतेच अधिकार देता येतात. पण शिकणाऱ्याचा विचार त्यात कमी पडला. जुन्या नोट्स सांगतात, ‘आधी लिबव्हर्टडी चालू आहे का ते बघा.’ नव्या यंत्रावर ती बंदच दिसते. शिवाय या सेवा मागणी आली की जाग्या होतात आणि काम नसेल तर 120 सेकंदांनी स्वतःहून थांबतात. म्हणून ‘बंद’ दिसणं हा बिघाड नव्हे. विद्यार्थी घाबरून लिबव्हर्टडी हाताने सुरू करतो, आणि एकाच कामावर जुनी-नवी अशा दोन सेवा नेमल्या की खरा गोंधळ तिथून सुरू होतो. इंटरनेट धड नसलेल्या गावात छापील नोट्स हाच आधार असतो. बदलाची सूचना तिथवर पोचवायला हवी होती.

व्हीएमची यादी रिकामी दिसते ती बहुधा वेगळ्याच कारणाने: जोडणी साऱ्या यंत्राच्या ‘सिस्टिम’ऐवजी त्या वापरकर्त्यापुरत्या ‘सेशन’शी झालेली असते.

आपल्याकडे आणखी एक चाचणी आवश्यक आहे, लाईन जाण्याची. होस्ट, म्हणजे व्हीएम चालवणारं मूळ यंत्र, रीतसर बंद केला तर लिबव्हर्ट-गेस्ट्स ही सेवा चालू व्हीएमची स्थिती जपून ठेवू शकते. भर दुपारी लाईन गेली आणि यूपीएस नसेल, तर तिला तेवढा वेळच मिळत नाही. त्यात इन्स्टॉलेशन लवकर उरकावं म्हणून डिस्कचा कॅशे ‘अनसेफ’वर (लिहिलेलं डिस्कवर पोचल्याची खात्री न करणारा) ठेवला असेल, तर क्यूकाऊ2 फाईल, म्हणजे व्हीएमची डिस्क, बिघडण्याची भीती मोठी. लाईन आल्यावर व्हीएम सुरू करण्याआधी क्यूईएमयू-आयएमजी या आदेशाच्या ‘चेक’ने ती फाईल तपासावी. चालू व्हीएमच्या फाईलवर हा आदेश वापरू नये.