गाण्यातून वाचन शिकवणारे सॉफ्टवेअर

मूल गाणे म्हणत असताना त्याच गाण्याची अक्षरे पडद्यावर सुरासोबत उजळत जातात, मूल ती पाहत म्हणते आणि सॉफ्टवेअर त्याला प्रतिसाद देते, अशी ही वाचन शिकवण्याची पद्धत आहे. अंगणवाडीच्या मोठ्या गटापासून तिसरीपर्यंतच्या मुलांना ती विशेष उपयोगी पडते. गाण्याचा व्हिडिओ मूल नुसते बघते. येथे त्याला काहीतरी करावे लागते. शब्दावर बोट ठेवले की तो पुन्हा ऐकू येतो, लय कमी करता येते, गाळलेल्या जागी योग्य अक्षर ओढून आणायचे असते. काही प्रणालींत मायक्रोफोन मुलाचा आवाज टिपतो आणि सूर कुठे लागला ते रेषेने दाखवतो.

शब्दांवरून उड्या मारत जाणारा चेंडू दाखवून प्रेक्षकांना गायला लावणारे चित्रपट अमेरिकेत मॅक्स फ्लायशर यांनी १९२४ पासून काढले. जपानमध्ये दाइसुके इनोउए यांनी १९७१ मध्ये कराओकेचे यंत्र बनवले. हे दोन्ही करमणुकीसाठी होते. टीव्हीवरील गाण्यांखाली त्याच भाषेत शब्द दाखवले तर जेमतेम वाचता येणाऱ्यांचा सराव होईल, हा विचार अहमदाबादच्या आयआयएममधील ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये मांडला आणि पुढे दूरदर्शनच्या ‘चित्रहार’मध्ये तो वापरला गेला. मात्र टीव्ही मुलाचे ऐकत नाही. ती उणीव ‘ट्यून इन टू रीडिंग’सारख्या सॉफ्टवेअरने भरून काढली. ते मुळात गायन शिकवण्याच्या प्रणालीतून तयार झाले आणि फ्लोरिडातील शाळांत वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी वापरले गेले.

गाण्याने वाचन का सुधारावे? पहिले कारण पुनरावृत्तीचे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एस. जे सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत मूल एकच छोटा उतारा अडखळणे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचते. धडा दहादा वाचायला सांगितला तर मूल कंटाळते. गाणे मात्र ते आपणहून दहादा म्हणते. दुसरे कारण यमकाचे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधक ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी १९८३ मध्ये दाखवले की सारख्या आवाजाचे शब्द ओळखण्याची मुलांची क्षमता आणि पुढचे वाचन यांचा कार्यकारण संबंध आहे. त्याच अभ्यासात ज्या मुलांना आवाजासोबत अक्षरेही हाताळायला दिली, ती नुसता आवाज ऐकलेल्या मुलांच्या पुढे गेली. या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

सातारा-सांगलीकडच्या मुलांना गाण्यांचा तोटा नाही. हादग्याला पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन अशी वाढती गाणी म्हणण्याची रीत आहे. त्यामुळे पहिले गाणे सोळाव्या दिवसापर्यंत सोळा वेळा होते. आटपाडी, माण भागात धनगरी ओव्या आहेत, घरोघरी आरत्या आहेत. पाढे आणि बाराखडीही शाळेत चालीवरच म्हटली जाते. आणि तरीही ‘क’ ते ‘कः’ घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला मधलाच ‘कु’ दाखवला तर ते पुन्हा ‘क’पासून सुरुवात करते. चाल पाठ असते, अक्षर ओळखीचे नसते. म्हणून या सॉफ्टवेअरची खरी कसोटी गाणे किती गोड आहे ही नसून मुलाची नजर अक्षरावर राहते का, ही आहे. चांगली प्रणाली ओळखीच्या गाण्यात एक शब्द बदलून ठेवते. मूल पाठ केलेले म्हणत असेल तर ते तेथे चुकते, वाचत असेल तर थांबून हसते. काही वेळा आवाज मध्येच बंद होतो आणि पुढची ओळ पडद्यावरून मुलाला स्वतः म्हणावी लागते.

मराठीसाठी अशी प्रणाली करताना इंग्रजीतील रचना उचलून चालत नाही. आपल्या वाचनाचे एकक अक्षर आहे. ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते आणि उच्चार नंतर होतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात लिपी साठवण्याच्या संकेतपद्धतीत, ‘कि’ला दोन संकेत लागतात, ‘क्षि’ला चार. संकेतागणिक रंग भरत गेले तर अक्षर तुटून विचित्र दिसते. उजळायचे ते पूर्ण अक्षरच. जोडाक्षराची अडचण याहून खोल आहे. ‘पत्ता’ आपण ‘पत्-ता’ असा म्हणतो, लिहितो मात्र ‘प’ आणि ‘त्ता’. सुराचा ठोका आणि लिहिलेले अक्षर येथे एका जागी पडत नाहीत, म्हणून सुरुवातीच्या गाण्यांत जोडाक्षरे नसलेली बरी. उलट ‘बदक’ बोलताना शेवटचा ‘क’ अर्धा ऐकू येतो, गाताना मात्र ‘ब-द-क’ अशी तिन्ही अक्षरे पूर्ण वाजतात. बोलण्यात गिळला जाणारा स्वर गाणे परत आणून देते, आणि नवशिक्या वाचकाला त्याचा मोठा आधार होतो.

मात्रांचेही असेच. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन, हा छंदाचा नियम पाळला तर ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील फरक मुलाला कानाने कळतो. सोळा मात्रांचा पादाकुलक हा छंद बालगीताला चांगला शोभतो. चाल मात्र ऱ्हस्व अक्षरावर रेंगाळणारी असेल तर पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी यांचा गोंधळ वाढतो. संगीतकाराने भाषाशिक्षकाच्या शेजारी बसूनच चाल बांधावी.

पट्टीकडे, म्हणजे गाणे किती उंच वा खालच्या सुरात धरायचे याकडे, फारच दुर्लक्ष होते. पुरुषाने हार्मोनियमच्या काळी एक पट्टीत गायलेले गाणे मुलांच्या गळ्याला बसत नाही. त्यांना काळी चार-पाचच्या आसपास सोपे जाते. तंतुवाद्यांचे गाव असलेल्या मिरजेत हे सांगणारा जाणकार शोधावा लागत नाही. यंत्राने मुलाचा आवाज ओळखणेही कठीण असते. लहान मुलांच्या आवाजाची मूळ कंप्रता (आवाज किती उंच हे ठरवणारी कंपनांची संख्या) प्रौढ पुरुषाच्या दुपटीहून अधिक असते, उच्चार अजून घडत असतात, आणि पाटण-जावळीकडे पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस कोसळत असेल तर मायक्रोफोनला दुसरे काही ऐकूच येत नाही. त्यातच घरी ‘पानी’ म्हणणारे मूल पडद्यावरचे ‘पाणी’ तसेच वाचते. ते बरोबर वाचत असते. त्याला लाल फुली दाखवणारी प्रणाली मुलाला त्याच्या आईच्या बोलीची लाज वाटायला लावते; अशी प्रणाली वर्गात आणू नये.

पायाभूत साक्षरतेसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू केले. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे हे त्याचे उद्दिष्ट. साताऱ्याला याची तयारी आधीपासून होती. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये (आसपासच्या शाळांच्या गटात) ज्ञानरचनावादी पद्धतीने चालणारे वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक येत. तेथे मूल खडे, काड्या, अक्षरपट्ट्या स्वतः हाताळत शिकत असे. सॉफ्टवेअरनेही तीच वाट धरावी : टॅब चार-पाच मुलांच्या गटात फिरावा, आणि गाणे संपल्यावर त्यातले शब्द पाटीवर यावेत. लोकवर्गणीतून आलेला टीव्ही भिंतीवर लावून साऱ्या वर्गाला एकच गाणे दाखवले की मागच्या रांगेतली मुले फक्त कोरसमध्ये आवाज मिसळतात, वाचत नाहीत. डोंगरी वाड्यांत नेटवर्क भरवशाचे नसल्याने सगळे साहित्य यंत्रातच साठवलेले हवे.

जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्याही जिल्हा परिषद शाळा आहेत आणि घरी कन्नड बोलणारी मुले मराठी शाळेतही बसतात. दोन्ही लिप्यांची रचना अक्षरांचीच असल्याने एकच प्रणाली दोन्हीकडे चालावी असे वाटते. पण कन्नडमध्ये ऱ्हस्व ‘ए’ आणि ऱ्हस्व ‘ओ’ असे दोन स्वर जास्त आहेत. मराठी बाराखडीच्या चालीत त्यांना जागा नाही. जतच्या मुलांसाठी ती चाल कन्नड शिक्षकांबरोबर नव्याने बांधावी लागते.