बेळगाव सीमाभागातील व्यसनमुक्ती: कायद्यांपासून आठवड्याच्या बैठकीपर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात दारूचे कायदे अनेकदा पालटले. दारू सोडलेल्या माणसाला त्याच्याच गावात, त्याच्याच भाषेत सोबत देण्याची व्यवस्था मात्र फार उशिरा आली आणि अजून अपुरी आहे. आजच्या अडचणींची मुळे या इतिहासात आहेत.

1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावची भट्टी बेकायदा ठरली आणि दारू मक्तेदारांच्या हाती गेली. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते. पुढे स्वातंत्र्यलढ्यात दारूच्या दुकानांपुढे निदर्शने झाली. डिसेंबर 1924 मध्ये टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा दारूबंदी हा त्यांच्या विधायक कार्याचा भाग होताच. एप्रिल 1950 पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी लागू झाली. मग गूळ आणि नवसागराची हातभट्टी वाढली. शेजारी 1961 पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या गोव्यात दारू खुली होती. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. तिथली दारूबंदी 1960 च्या दशकाच्या अखेरीस उठली, सारायीच्या, म्हणजे स्वस्त देशी दारूच्या, विक्रीचे लिलाव सुरू झाले आणि तिचे पाकीट गल्लीबोळात पोहोचले. 1 जुलै 2007 ला कर्नाटकाने सारायी बंद केली. पिणारे स्वस्त व्हिस्कीच्या 90 मिलीच्या पाकिटांकडे वळले. 42.8 टक्के अल्कोहोलच्या एका ‘नाइंटी’त सुमारे 30 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे 10 ग्रॅमचा एक असे मोजले तर तीन पेग. ‘रोज फक्त दोन नाइंटी’ म्हणणाऱ्याच्या पोटात सहा जातात.

या प्रत्येक टप्प्यावर सरकारचे लक्ष बाटलीवर राहिले. माणसाकडे पाहिले ते वारकऱ्यांनी. सीमाभागात माळकरी होण्याची रीत खोल रुजलेली आहे. गाडगेमहाराजांनी कीर्तनांतून दारू, कर्ज आणि नवस यांवर एकाच दमात प्रहार केले. तुळशीची माळ गळ्यात पडली की संध्याकाळचा हरिपाठ, एकादशी, न पिणाऱ्यांची संगत आणि आषाढीची दिंडी असे नवे वेळापत्रकच हाती येते. सावरणाऱ्या माणसाला याची फार गरज असते, कारण दारू सुटल्यावर संध्याकाळची सात ते नऊ ही वेळ अंगावर येते. या रीतीची कमकुवत बाजूही स्पष्ट आहे. पुन्हा प्यायलेला माणूस शरमेने माळ उतरवतो, दिंडी टाळतो आणि ज्या दिवशी सोबत सर्वांत जास्त हवी, त्याच दिवशी एकटा पडतो.

शपथेचा दुसरा धोका शरीराचा. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने देवळात शपथ घेऊन एका दिवसात दारू तोडली, तर 6 ते 24 तासांत हात थरथरणे, घाम, ओकारी, झोप न लागणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास, बरळणे, ताप अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. गावात याला ‘बाहेरचं लागलं’ समजतात आणि अंगाऱ्यात मोलाचे तास जातात. पूर्वी फिट आलेली असेल, सकाळी उठल्याउठल्या प्यावी लागत असेल किंवा जेवण सुटलेले असेल, तर दारू रुग्णालयातच थांबवावी. तिथे धक्का सौम्य करणारी औषधे मिळतात. अशक्त माणसाला ग्लुकोज चढवण्याआधी जीवनसत्त्व बी-1 चे इंजेक्शन देणेही महत्त्वाचे असते. ते राहिले तर मेंदूला इजा होऊन स्मृती जाऊ शकते.

व्यसन हा आजार आहे, ही समज समुदायातून वर आली. 1935 मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना सुरू झाली आणि 1957 मध्ये ती भारतात आली. सभेची घडण साधी आहे: साधारण तास-दीड तास, एकाने बोलायचे, इतरांनी मध्ये न बोलता ऐकायचे, सल्ला नाही, शुल्क नाही. प्रवेशाला अट एकच, पिणे थांबवण्याची इच्छा.

29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी त्यामागे होती. गर्द (ब्राऊन शुगर) या अमली पदार्थाच्या साथीसाठी उघडलेल्या या केंद्राने पत्नींसाठी ‘सहचरी’ गट उभा केला. घरातल्या माणसाची जखम वेगळी असते आणि तिला वेगळी बैठक लागते, हे मराठीत नीट मांडले गेले ते तिथे. कर्नाटकात धर्मस्थळच्या ग्रामीण विकास योजनेने मद्यवर्जन शिबिरे गावातच भरवली. आठवडाभराचे शिबिर आणि त्यानंतर सावरलेल्यांच्या ‘नवजीवन समिती’ची बैठक, असे त्याचे रूप. यातली समितीच शिबिराइतकी, किंबहुना जास्त मोलाची आहे.

सीमाभागाचा माणूस या दोन प्रवाहांच्या मधे पडतो. पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, उपचारानंतर तिथे पाठपुराव्याला जायचे तर रोजंदारी बुडते. धारवाडचे मनोरुग्णालय जवळ, पण समुपदेशन बहुधा कन्नडमध्ये. बाजारहाटापुरते कन्नड पुष्कळांना येते. बायकोवर हात उगारल्याची लाज, मुलीच्या लग्नाचे पैसे उडवल्याचे ओझे त्या कन्नडात सांगता येत नाही. मग माणूस ‘बरं आहे’ एवढेच म्हणतो आणि नोंदीतही तेवढेच उतरते. मराठी बैठक हवी ती यासाठी. औषध कुठल्याही भाषेत लागू पडते, मन मोकळे करणे तसे नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर भाषा निवडता येते. ती सुरुवातीलाच निवडावी.

पहिले तीन महिने सर्वांत नाजूक. बैठक पगाराच्या किंवा बाजाराच्या संध्याकाळी ठेवावी. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतला कामगार त्याच संध्याकाळी घसरतो. निवृत्त जवानाचा प्रश्न निराळा: शिस्तबद्ध दिवस अचानक संपतो आणि कॅन्टीनचा कोटा मात्र चालू राहतो. त्याला सकाळी ठरलेले काम हवे. निपाणीच्या तंबाखू वखारींत राबलेल्या बायकांच्या मिश्रीकडे व्यसन म्हणून कुणी पाहतच नाही. त्यांच्या गटात पुरुष नसावेत. तलफ आली की पाणी, काही खाणे, कुणाला तरी फोन. बहुतेक वेळा अर्ध्या तासात ती ओसरते. उपाशीपोट, राग, एकटेपणा आणि थकवा यांत ती वाढते.

घरच्यांनी दारू सोडवण्याची गोळी भाजीत लपवून देऊ नये. डायसल्फिरम ही अशी गोळी घेतलेल्याने दारू प्यायली तर रक्तदाब कोसळू शकतो. गोळी थांबवल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ती संमतीने आणि तपासण्या करूनच घ्यायची. साखळीने बांधण्यास 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई आहे. ‘कोंडून सुधारतो’ म्हणणाऱ्या केंद्रापासून घरच्यांनी दूर राहावे.

स्लिप झाली, म्हणजे माणूस पुन्हा प्यायला, तर गटातल्या दोघांनी दुसऱ्या दिवशी सकाळी घरी जावे. रात्री जाऊ नये, कारण नशेत समजावणे भांडणावर जाते. किती दिवस प्यायला ते विचारावे. सलग बरेच दिवस प्यायला असेल, तर आधी दवाखाना, मग बैठक. पत्नीशी स्वतंत्र बोलावे, मारहाण झाली का ते विचारावे, मुलांनी काय पाहिले ते विचारावे. पुढच्या बैठकीत दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, पण त्याच्याकडे दिलेले काम, मग ते सतरंजी घालण्याचे असो की चहाचे, काढून घेऊ नये.